उत्तमदादाने लिहिलेल्या फारकती

दादाच्या नंबरवरून फोन आला तेव्हा मी कणीक मळत होते. पडद्यावर त्याचं नाव दिसलं आणि दीड वर्षाच्या सवयीनं मी तो वाजू दिला. दर रविवारी सकाळी तो फोन करायचा, मी उचलायची नाही, आणि थोडा वेळ वाजून फोन गप्प व्हायचा. त्या दिवशी रविवार नव्हता, हे माझ्या लक्षातही आलं नाही. फोन पुन्हा वाजला, थांबला, तिसऱ्यांदा वाजला. तेव्हा भास्कररावांनी, म्हणजे माझ्या यजमानांनी, तो उचलून माझ्या कानाशी धरला. पलीकडे दादा नव्हता, वहिनी होत्या. "सुमनबाई, तुमचे दादा गेले..." एवढंच म्हणाल्या. मी विचारलं, "कुठं गेले?" खरंच विचारलं. आपण रागात असतो तोवर समोरचा माणूस मरेल, हे डोक्यातच येत नाही. राग धरायलासुद्धा माणूस जिवंत लागतो.

आमच्या मलकापूरहून दादाचं धामणगाव बढे काही फार लांब नाही, पण त्या दिवशी रस्ता सरेना. पोचलो तेव्हा त्याला बाहेरच्या खोलीत निजवलं होतं, पांढरं धोतर, पांढरा सदरा. उजव्या हाताच्या मधल्या बोटावर शाईचा डाग होता. तो डाग मी लहानपणापासून पाहत आले होते, आणि न्हाऊ घालणाऱ्यांनी कितीही घासला असेल तरी तो गेला नव्हता. मी त्या बोटाला हात लावला आणि मग मला रडू आलं. आलेल्या बायकांना वाटलं, बहिणीची माया. माया होतीच हो, पण त्यात दीड वर्षाचे न उचललेले फोनही होते, आणि ते मला कुणाला सांगता येईनात.

आता सहा आठवडे झाले. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, भन्तेजी येऊन गेले, चार जण बोलले. सगळ्यांनी दादाच्या अक्षराचं कौतुक केलं. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी मान हलवली. शाळेत तीस-बत्तीस वर्षं बडबड केलेल्या बाईला सख्ख्या भावावर चार वाक्यं बोलता आली नाहीत. म्हणून हे लिहिते आहे, आणि अक्षर सोडून बाकीचंही लिहिणार आहे.

दादा अर्जनवीस होता. हा शब्द आता सांगावा लागतो. तालुक्याच्या कचेरीसमोर टिनाच्या छपराखाली उतरत्या झाकणाची लाकडी पेटी मांडून बसणारा आणि लोकांचे अर्ज, करारनामे, वाटण्या लिहून देणारा माणूस. आमचे वडील मलकापूरच्या एका जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचे. त्यांना सहीसुद्धा येत नव्हती, त्यामुळे मॅट्रिक झालेला आणि असं मोत्यासारखं अक्षर असलेला मुलगा म्हणजे त्यांना आपल्या घरात कचेरीच आल्यासारखी वाटे. दादाची एक रीत होती. कागद लिहून झाला की तो समोरच्या माणसाला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवायचा, घाई असो की रांग असो. बाई असली तर जरा हळू वाचायचा. मग चष्म्यावरून पाहत विचारायचा, "समजलं का, माय?" ती "हाव" म्हणायची, तेव्हाच शाईचा पॅड पुढे सरकवायचा. आजूबाजूचे अर्जनवीस त्याला हसायचे. "उत्तमराव, ते आंगठेबहाद्दर, त्याईले काय समजते बे?" तो म्हणायचा, "आंगठा तिचा हाये ना? मंग तिलेच विचारा लागंन." मला त्याच्या या रीतीचा फार अभिमान होता.

शेताच्या वाटण्या लिहाव्यात तशाच तो फारकती लिहायचा. आमच्याकडे नवरा-बायकोचं जमेनासं झालं की दोन्हीकडचे पंच बसतात. बौद्ध काय, माळी काय, कुणबी काय, सगळ्यांत ही चाल. बोलणी होतात, भांडी-पातेली परत होतात, आणि मग स्टॅम्प पेपर घेऊन मंडळी अर्जनवीसाकडे येतात. तो फारकत लिहितो, दोघं सह्या-अंगठे करतात, पंच साक्षीला राहतात, वर नोटरीचा लाल गोल शिक्का बसतो. तो लाल शिक्का पाहिला की गावाची खात्री पटते की झालं, सुटले दोघंही. कोर्टाचं नाव कुणी काढत नाही. कोर्टात वर्षं जातात, फारकत एका दुपारी होते. बरं, ही चाल दादानं काही शोधून काढली नव्हती. त्याच्या आधी त्या छपराखाली एक म्हातारे अर्जनवीस बसत, त्यांच्याकडे फारकतीचा एक पिवळा पडलेला नमुना होता. दादानं तो उतरवून घेतला. त्यांनीही कुणाकडून तरी उतरवूनच घेतला असणार.

त्या नमुन्याबरहुकूम दादानं माझीही फारकत लिहिली. माझं पहिलं लग्न दादानंच जमवून सोनाळ्याला लावलं होतं. त्या माणसाचं नाव इथं लिहायची गरज नाही. तो प्यायचा आणि मारायचा, आणि शुद्धीवर असला तर जास्त मारायचा. दोन वर्षं काढली. एकदा दादा मला भेटायला आला, माझा कान सुजलेला पाहिला, आणि माझी पिशवी उचलून एस.टी.कडे चालायला लागला. पुढं महिनाभरात पंच बसले. मी बाविशीत होते. घरच्या ओसरीवर पेटी मांडून दादा लिहीत होता आणि मी खांबाला टेकून पाहत होते. "आम्ही उभयतां राजीखुशीने, कोणाच्याही दबावास बळी न पडता लिहून देतो की, आजपासून आमचे पती-पत्नीचे नाते संपुष्टात आले असून दोघांस पुनर्विवाहाची मोकळीक राहील, लिहून देणार ही पोटगी, चोळीबांगडी वा अन्य कोणताही हक्क पुढे कधीही सांगणार नाही." शेवटचं वाक्य वाचताना तो थांबला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "त्याच्या चोळीबांगडीवाचून काई अडलं नाई आपलं. तू शिक." मग विचारलं, "समजलं का, सुमे?" मी हाव म्हटलं आणि सही केली. त्या घरात सही करणारी मी पहिली बाई. सुटल्याचा जो आनंद त्या दिवशी झाला तो खोटा होता असं मी आजही म्हणणार नाही.

मी शिकले, शाळेत लागले, आणि तिशीला पोचता पोचता भास्कररावांशी लग्न झालं. तेही शिक्षक, त्यांची पहिली बायको वारली होती. विहारात पन्नास माणसांत लग्न लागलं. लग्नाआधी दादानं माझ्या फारकतीची नक्कल स्वतः त्यांच्या वडिलांच्या हातात नेऊन दिली. "सगळं कागदोपत्री पक्कं हाये," म्हणाला. त्याचा आवाज मला अजून आठवतो, केवढी ऐट होती त्यात!

मग कांताबाईची केस आली. नऊएक वर्षं झाली त्याला. कांताबाई मलकापूरकडची, पहिला नवरा ट्रकवर. दादानंच तिची फारकत लिहिली होती. पुढे एका भाजीपाला पिकवणाऱ्या माणसाशी तिनं दुसरं लग्न केलं, मुलगी झाली, अकरा वर्षं त्याच्या वांग्या-टमाट्यांत ती राबली, आणि एका भांडणात त्यानं तिला मुलीसकट घराबाहेर काढलं. तिनं पोटगी मागितली. तेव्हा नवऱ्याच्या वकिलानं कोर्टात कागद काढला तो दादाच्या अक्षरातला. दुसऱ्या लग्नाच्या वेळी आपण मोकळ्या आहोत याचा पुरावा म्हणून तिनंच तो सासरी नेला होता आणि पत्र्याच्या पेटीत जपून ठेवला होता. वकिलाचं म्हणणं असं की, हा कागद म्हणजे घटस्फोट नव्हे. घटस्फोट कोर्ट देतं. तो कोर्टानं दिलेलाच नाही, म्हणजे बाईचं पहिलं लग्न अजून कायम आहे, म्हणजे दुसरं लग्न लग्नच नाही, आणि बायकोच नाही तर पोटगी कसली?

अक्षर ओळखायला दादाला साक्षीला बोलावलं. घरी येऊन त्यानं मला सगळं सांगितलं, म्हणून मला ते पाठ आहे. वकिलानं विचारलं, "हे अक्षर तुमचं?" "हो साहेब." "फारकत झाली, तू मोकळी झालीस, असं या बाईंना तुम्हीच सांगितलंत?" "हो साहेब. वाचून दाखवलं होतं." "कोणत्या कायद्यात वाचून लिहिलंत हे?" दादा म्हणाला, "नमुना होता, साहेब." मागं कुणीतरी हसलं. कांताबाई हसली नाही, तिला काय चाललं आहे ते कळतच नव्हतं. मुलीची पोटगी मंजूर झाली, कारण लेकराचा हक्क आई-बापाच्या लग्नावर अडत नाही. कांताबाईला काही मिळालं नाही. निकालाच्या दिवशी कोर्टाबाहेर ती दादाजवळ आली आणि म्हणाली, "भाऊ, तुमचा कागद त मी पेटीत जपून ठेवला होता. कुठंसा फाटला होता काय?"

हे सांगताना दादा माझ्या स्वयंपाकघरात पाटावर बसला होता. चहा निवून गेला. म्हणाला, "सुमे, मी सगळ्याइले वाचून दाखवलं. समजलं का, समजलं का, इचारलं. अन् मलेच समजलं नव्हतं."

त्यानंतर त्यानं एकही फारकत लिहिली नाही. ओळखीच्या एका वकीलबाईंकडे जाऊन बसू लागला, या वयात शाळकरी पोरासारखी वही घेऊन. त्यातलं मला तो सांगायचा. की लग्न-घटस्फोटाचा हिंदूंचा जो कायदा तोच आपल्या बौद्धांनाही लागू आहे. एखाद्या समाजात सोडचिठ्ठीची रूढी पूर्वापार आहे असं कोर्टापुढे सिद्ध झालं तर गोष्ट वेगळी, पण ते सिद्ध करता करता दम निघतो, आणि नुसत्या कागदानं तर काहीच होत नाही. की "पोटगी मागणार नाही" असं बाईकडून लिहून घेतलं तरी तिचा हक्क सुटत नाही. हे कळलं त्या दिवशी तो सगळ्यात जास्त चिडला. "म्हंजे मी जे सुटलं म्हनून लिहिलं ते सुटलं नव्हतं, अन् जे मागता येत नाई म्हनून लिहिलं ते मागता येत होतं! दोन्हीकून उलटं!" नोकरदार नवऱ्यांनी दादाच्या एका ओळीवर बायकांना वाऱ्यावर सोडलं होतं, आणि बायका "लिहून देल्लं ना आता" म्हणून गप्प बसल्या होत्या.

लिहिलेल्या प्रत्येक कागदाचा कच्चा मसुदा दादा ठेवायचा. फारकतींचे मसुदे त्यानं वेगळे काढले आणि पिशवीत घालून गावोगाव हिंडू लागला. कधी एस.टी.नं, कधी कुणाच्या मोटरसायकलवर मागे बसून. एका पोरीनं त्याचं ऐकलं, कोर्टात गेली, बाईमाणसाला वकील फुकट मिळतो हे तिला दादानंच सांगितलं. तिला रीतसर घटस्फोट मिळाला आणि पोटगीही. ती पेढे घेऊन आली तर दादानं पेढा हातात घेतला आणि खाल्ला नाही. कारण बाकीच्या घरी काय होत होतं? बहुतेक जणींची दुसरी लग्नं झालेली. दारात सासू उभी, अंगणात लेकरं. त्यांना काय सांगायचं? बाई, तुझं हे लग्न कायद्यानं लग्न नाही, तुझा पहिला नवरा जिवंत असताना तू दुसरं केलंस हा गुन्हा होतो, माझ्या कागदामुळं? एकीनं पूर्ण ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाली, "भाऊ, पुन्यांदा माह्या दारात येऊ नोका." मग दादा बहाणे करू लागला. रेशनकार्डाचं काम आहे, मतदारयादी तपासायची आहे, असं सांगून आत शिरायचा, बाईचं कसं चाललं आहे ते पाहायचा, आणि बोलण्यासारखं असलं तरच बोलायचा.

आता वाचणाऱ्याला प्रश्न पडला असेल, की ही बाई शिकलेली, मास्तरीण, भाऊ हे सगळं हिच्याच स्वयंपाकघरात बसून सांगतो आहे, तर हिला स्वतःचं आठवलं नाही? मीही स्वतःला हेच विचारते. खरं उत्तर फार लाजिरवाणं आहे. माझी फारकत माझ्या दादानं लिहिलेली होती, म्हणून मला ती पक्की वाटायची. जशा काही बाकीच्यांच्या दुसऱ्याच कुणी लिहिल्या होत्या! कधी मनात पाल चुकचुकली तरी मी तिला हाकलून लावलं. दादा समोर बसला होता, तो काही बोलत नव्हता, म्हणजे माझं ठीकच असणार.

तो एवढंच करायचा, की उठताना चपला घालता घालता विचारायचा, "सोनाळ्याची काई खबर?"

"मले कशी असन? काऊन?"

"काई नाई, सहज."

सहा-सात वर्षं हा 'सहज' चालला होता. मला वाटायचं म्हातारपण आलं, जुनं आठवतं.

मी निवृत्त झाल्यावर दोनएक वर्षांनी तो म्हणाला, तुमच्या लग्नाचा सरकारी दाखला नाही, भास्कररावांच्या पेन्शनच्या कागदांना पुढेमागे लागेल, बुलडाण्याला जाऊन नोंदणीचं लग्न करून टाका. विहारातल्या लग्नाचा दाखला आमच्याकडे नव्हताच, त्यामुळे आम्हाला पटलं. राजूरचा घाट चढून आम्ही तिघं बुलडाण्याला गेलो. कार्यालयाबाहेरच्या बाकावर दादानं पेटी मांडीवर घेतली, तिच्या झाकणावर नोटिशीचा फॉर्म ठेवला. भास्कररावांनी आपलं भरलं. पूर्वस्थितीच्या रकान्यात 'विधुर' लिहिलं. मग मी पेन घेतलं. अविवाहित, घटस्फोटित, विधवा. मी 'घटस्फोटित'वर खूण करायला पेन टेकवलं आणि दादानं माझं मनगट धरलं.

"तिथं नोको, माय. खालच्या रकान्यात."

मला वाटलं त्याला दिसलं नाही. "दादा, खाली विधवा हाये."

"हाव," तो म्हणाला. "आठ महिने झाले. मी जाऊन आलो सोनाळ्याले."

माझ्या शेजारी माझा नवरा बसला होता, त्याच्या मांडीला माझी मांडी लागली होती, आणि मी कागदावर विधवा अशी खूण केली. जो माणूस मेल्याचंही मला माहीत नव्हतं त्याची विधवा. त्या एका खुणेसरशी मला सगळं उलगडत गेलं. आठ महिन्यांपूर्वीपर्यंत मी त्या माणसाची बायको होते. माझी नोकरी, रेशनकार्ड, शाळेतले सत्कार, 'सौ.' म्हणून छापलेल्या सगळ्या पत्रिका... भास्करराव फार भले गृहस्थ. परतीच्या एस.टी.त मला हसवायला म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं तुम्ही माझ्याकडे बेकायदेशीर राहिलात. भाडं द्या आता." मला हसू आलं नाही. महिन्याभरानं तीन साक्षीदार घेऊन आम्ही पुन्हा गेलो आणि साठीच्या घरात माझं माझ्याच नवऱ्याशी लग्न लागलं. दादा पहिला साक्षीदार होता. मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

भांडण त्याच दिवशी, आमच्या घरी येऊन झालं. मी विचारलं, "तुले कवापासून मालूम होतं?"

"कांताबाईच्या केसपासून."

"अन् साऱ्या जिल्ह्याले सांगत हिंडला, मले नाई सांगतलं?"

"सांगून काय झालं असतं, सुमे? तुही नोकरी चालू होती. त्या मानसाले नुसती कुनकुन लागली असती त त्यानं तुह्यावर दुसऱ्या लग्नाची केस टाकली असती. नोकरी गेली असती. कोर्टात त्याच्या समोर उभं रा लागलं असतं तुले..."

"मंग तू काय केलं?"

"वाट पाह्यली."

"कशाची?"

त्यानं चष्मा काढून हातात धरला. मग खाली पाहून म्हणाला, "लय पेत होता तो. मले वाटे, काई दिवसाचा हाये... रोज पंचशील घेतो मी, सुमे, अन् एका मानसाच्या मरनाची वाट पाहून राह्यलो होतो. महिन्याच्या महिन्याले तिथल्या एका वळखीच्याले फोन लावून इचारत होतो, कसा हाये म्हनून."

त्या क्षणी मला त्याची दया यायला हवी होती. आली नाही. मी म्हणाले, "लग्न लावलं तूनं, सोडवलं तूनं, अन् आता विधवा बी तूनंच केलं. मले एकदा तरी इचारलं का?" तो उठला. चपला घालताना त्या दिवशी त्यानं काही विचारलं नाही. विचारायला काही उरलंच नव्हतं. त्यानंतर मी त्याचा फोन उचलला नाही. मला वाटायचं, त्याला थोडं भोगू दे. मी स्वतःशी म्हणायची, एवढं तर मी ठरवू शकते.

मागच्या आठवड्यात वहिनी म्हणाल्या, त्यांची पेटी तुम्हीच उघडा, मला कागदातलं कळत नाही. मी धामणगावला गेले. ओसरीवर, ज्या खांबाला टेकून मी माझी फारकत पाहिली होती तिथंच बसून पेटी उघडली. आत शाईची बाटली, सुकलेला पॅड, आणि फारकतीच्या मसुद्यांचे दोन गठ्ठे, सुतळीनं बांधलेले. एकावर चिठ्ठी, 'सांगितलेले'. दुसऱ्यावर 'सांगायचे'. दुसरा गठ्ठा जाडजूड होता. त्याच्या अगदी वर माझा कागद. मला कळून दीड वर्ष झालं होतं, तरी त्यानं तो पहिल्या गठ्ठ्यात हलवला नव्हता. त्याच्या लेखी त्यानं मला कधी सांगितलंच नव्हतं, माझं फक्त मनगट धरलं होतं.

तेवढ्यात फाटकातून एक बाई आली. डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी, मागे विशीतली मुलगी. तालुक्याला छपराखाली दादाची जागा रिकामी दिसली म्हणून पत्ता विचारत घरी आल्या होत्या. तो गेल्याचं मी सांगितलं तर बाई पायरीवर बसली. "अरे माय... लय देव मानूस हो." डोळे पुसले, पाणी प्यायली, आणि मग मुलीकडे बोट दाखवून म्हणाली, "हिची फारकत लिहून पाह्यजे होती. पंच बसले परवा. आता कोन लिहून देते?"

शाळेत समजावत होते तसं मी समजावलं. की फारकत लिहून होत नाही. कोर्टात जा, वकील फुकट मिळेल, पोटगी मागा, तोवर कुणी कितीही म्हटलं तरी कागदावर सही करायची नाही. मुलगी मान वर करून पहिल्यांदाच माझ्याकडे पाहू लागली. आईला मात्र ते पटेना. "असं कसं म्हनता, बाई? आमच्या मोठीची त त्यायनंच लिहून देल्ली होती. दुसरं लग्न बी झालं तिचं, दोन लेकरं हायेत, सुखात हाये पोरगी. मागं एक डाव आमच्या घरी बी आले होते. रेशनकार्डाचं काम हाये म्हने. मोठी माहेरी आली होती तवा. च्या पेले, लेकराले मांडीवर घेतलं, बसले, अन् तसेच निंगून गेले. काम काई सांगतलंच नाई."

माझ्या मांडीवर तो जाड गठ्ठा होता. माझ्या तोंडून शब्द निघाले ते मी ठरवून काढले नाहीत. "मोठीचा पहिला नवरा... कुठं असतो आता?"

"हाये ना तिकडंच. चांगला धडधाकट हाये. काऊन, बाई?"

"काही नाही," मी म्हणाले. "सहज."

बाई उठली, पदर सावरला, राम राम केला, आणि लेकीला घेऊन एस.टी.च्या थांब्याकडे चालू लागली. मी बसून राहिले. तो शब्द कानातून जाईना. मग गठ्ठ्याची सुतळी सोडली आणि कागद चाळायला लागले. गावाचं नाव त्या बाईनं सांगितलं होतं, दादाचं अक्षर वाचायला वेळ लागत नाही. पाच-सहा कागदांखाली मोठीचा सापडला. कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'भेटलो. सांगता आले नाही.'

एस.टी. यायला अजून वेळ होता. मी तो कागद हातात घेतला आणि पायात चपला घातल्या.